जिथे धीर धरायचा तिथे घाई, जिथे घाई करायची तिथे लाड : नेब्रास्का फुटबॉलच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

मा. ॲथलेटिक डायरेक्टर
आणि बोर्ड ऑफ रीजंट्सचे सर्व सन्माननीय सदस्य,
नेब्रास्का विद्यापीठ, लिंकन, यांस

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. ती एका पानाची आहे, सभ्य आहे आणि तिच्यात यातल्या निम्म्या गोष्टी नाहीत. ही मराठी प्रत लिंकनमध्ये दोन-चार वर्षं शिकून पुढे डॅलस, सिॲटल, पुणे असं पांगलेल्या आमच्या मंडळींसाठी आहे. दर नोव्हेंबरात त्यांचा एकच मेसेज येतो : "अरे, तुमच्या टीमचं झालं तरी काय?" टीम म्हणजे विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. फोनवर सांगत बसलो तर रात्र पुरत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

सुरुवात अगदी अलीकडच्या दिवसापासून करतो. २८ नोव्हेंबर २०२५, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची मॅच, समोर शेजारच्या राज्याचा आयोवा संघ. मी आणि मुलगी ईस्ट स्टेडियमच्या वरच्या अंगाला बसलो होतो. हातात रन्झा. न पाहिलेल्यांसाठी सांगतो, कोबी आणि खिमा भरलेला लांबट पाव. थंडीत त्याचा कागद उघडला की चष्म्यावर वाफ धरते. आमच्या एमेट जॉन्सनने एकट्याने दोनशेच्या वर यार्ड पळून काढले आणि तरी निकाल ४०-१६, आयोवाच्या बाजूने. मॅच संपायला बराच वेळ होता. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, निघूया का? आत्ता निघालो तर पार्किंगमधून लवकर सुटू."

ती चिडली नव्हती, हिरमुसलीही नव्हती. आभाळ भरून आलंय, कपडे आत घेऊया म्हणावं तशी म्हणाली. तिचा जन्म २००४चा. नेब्रास्काने शेवटचं कॉन्फरन्स विजेतेपद (म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांमध्ये पहिलं येणं) मिळवलं १९९९मध्ये, म्हणजे तिच्या जन्माच्या पाच वर्षं आधी. एका सीझनमध्ये दहा सामने जिंकल्याला २०१२ हे शेवटचं साल, तेव्हा ती तिसरीत होती. माझ्यासारख्याचा राग तुम्ही वर्षानुवर्षं झेलताय आणि त्याची तुम्हाला सवय झाली असेल. या पोरीला राग येत नाही, याची मात्र तुम्ही काळजी करा.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, आणि तो अंगात असतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की आमचे वडील दुकानाचं शटर दुपारीच ओढायचे. संघ तालमीचा, तालीम पेठेची, पेठ आपली. हरलो तर मंगळवारपर्यंत शेजारच्या पेठेतून सायकल घेऊन जायची चोरी. त्यामुळे १९९७च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला लिंकनला उतरलो, तेव्हा गावात सगळीकडे लाल रंग आणि 'गो बिग रेड'च्या पाट्या बघून मला परकं वाटलं नाही. इंग्रजी कळायला वेळ लागला, पण ही पेठ कळायला एक शनिवार पुरला. कॉर्नहस्कर म्हणजे मक्याची कणसं सोलणारा. ज्या संघाने हे नाव मिरवायला घेतलं तो आपलाच असणार, असं मी धरून चाललो.

त्या वर्षी ८ नोव्हेंबरला मिसूरीशी मॅच होती, त्यांच्या गावात. आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये सात जण, एक टीव्ही, आणि कढईत सगळ्यांना पुरतील एवढे पोहे. नियम मला जेमतेम कळत होते : चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू सोडायचा. सात गुणांनी मागे, शेवटचे काही सेकंद. आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाई चालवणाऱ्या गड्याने, चेंडू फेकला, तो शेविन विगिन्सच्या हातून निसटला, खाली पडता पडता त्याच्या पायाला लागून वर उडाला आणि मॅट डेव्हिसनने जमिनीपासून वीतभर अंतरावर झेलला. टचडाऊन. ओव्हरटाइममध्ये तोच क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन आत घुसला आणि ४५-३८ने जिंकलो. नागपूरचा रूममेट कांद्याचा झारा हातात घेऊन जिन्यात नाचला.

त्या क्वार्टरबॅकचं नाव स्कॉट फ्रॉस्ट. नाव ध्यानात ठेवा, पुढे यायचंय.

२ जानेवारी १९९८च्या ऑरेंज बोलमध्ये (बोल गेम म्हणजे सीझननंतरचा मानाचा सामना) पेटन मॅनिंगच्या टेनेसीला ४२-१७ असं धुतलं आणि आमचे कोच टॉम ऑस्बर्न निवृत्त झाले. पंचवीस सीझन, २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं : १९९४, १९९५, १९९७. त्यांच्या आधीचे कोच बॉब डेव्हनींची दोन, १९७० आणि १९७१ची.

हे आकडे तुमच्या स्टेडियमच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत आहेतच. पण एक गोष्ट तुम्ही भिंतीवर लावत नाही. डेव्हनींनी ऑस्बर्नना आपल्या हाताखालून वर आणलं आणि १९७३मध्ये संघ त्यांच्या हाती दिला. नंतरची पाच वर्षं ऑस्बर्न ओक्लाहोमाकडून सलग हरले. पाच! ओक्लाहोमा म्हणजे आमचं तेव्हाचं पाटाकडील-दिलबहार. पहिलं अजिंक्यपद यायला बावीसावा सीझन उजाडला. त्याच्या आधी सलग सात बोल गेम हरून झाले होते. 'मोठ्या मॅचमध्ये याचं काही चालत नाही' असं तेव्हाच्या बारमध्ये बसून लोक म्हणत होते, हे मला लिंकनच्या जुन्या मंडळींनीच सांगितलंय. आज तुमच्या कारभारात असा माणूस सातव्या वर्षापर्यंत तरी टिकला असता का? त्यालाही त्या वेळी काढून टाकला असता तर भिंतीवर लिहायला काय उरलं असतं?

आता ऑस्बर्ननंतरचे कोच फ्रँक सोलिच. ऑस्बर्नच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबलेला, याच संघातून खेळलेला माणूस. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००१ला संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या लढतीपर्यंत गेला. २००३च्या नोव्हेंबरात नऊ सामने जिंकलेले असताना तुमच्या तेव्हाच्या डायरेक्टरांनी त्यांना काढलं. कारण काय दिलं? कार्यक्रम सुमार दर्जाकडे घसरू देणार नाही म्हणून! तेव्हापासून हा 'सुमार' शब्द आमच्याकडे शिवी म्हणून वापरतात. पुढच्याच वर्षी, २००४ला, संघ ५-६ गेला. १९६१नंतर पहिल्यांदा जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा झाला आणि ३५ वर्षांची बोल गेमची सलग हजेरी मोडली.

इथे मी माझाही कान धरतो. २००३ला मी बारमध्ये टेबल आपटून म्हणालो होतो, सोलिचला घालवा. २००२चं ७-७ डोळ्यांसमोर होतं. आमच्यासारख्यांचा आवाज ऐकूनच तुम्ही तसं केलंत असं तुम्ही म्हणाल, तर नाही म्हणता येणार नाही. पण आम्ही बारमध्ये होतो, तुम्ही खुर्चीत होतात. बारमधल्या माणसाने टेबल आपटायचं असतं, खुर्चीतल्याने ऐकून घ्यायचं असतं.

सोलिचच्या जागी आणलेले बिल कॅलहन एनएफएलमधून, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधून आले. आमचा ऑप्शन खेळ त्यांनी मोडीत काढला. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेने धावतो आणि समोरच्या गड्याची पावलं बघून ऐन वेळी ठरवतो, स्वतःकडे ठेवायचा की मागून येणाऱ्याला द्यायचा. हा खेळ या मातीत वर्षानुवर्षं मुरला होता. गावोगावच्या हायस्कुलांतली पोरं तोच खेळून मोठी व्हायची, त्यामुळे ती इथे आली की त्यांना नव्याने बाराखडी शिकवावी लागत नसे. त्या खेळासोबतच वॉक-ऑन नावाची प्रथा होती. स्कॉलरशिप नसलेली, स्वतःच्या पैशाने शिकणारी शेतकऱ्यांची पोरं चार-चार वर्षं नुसता सराव करायची आणि पाचव्या वर्षी कधीतरी शनिवारी मैदानात उतरायची. त्या पोराचं सगळं गाव, अख्खी काउंटी, त्या दिवशी लाल व्हायची. अंग कमवायची विद्याही इथलीच : १९६९ला बॉइड एप्ली नावाच्या माणसाला त्यासाठी पगार देऊन ठेवलं, तेव्हा इतर कॉलेजांना ते थेर वाटत होतं. म्हणजे तालीम होती हो ही! वस्ताद, आखाडा, गावची पोरं, आणि एकच डाव हजार वेळा. तुम्ही आखाडा उखडून तिथे जिम काढलीत.

पण कॅलहनच्या खेळापेक्षा मला त्यांच्या काँट्रॅक्टबद्दल बोलायचंय, कारण हे पत्र मुळात एका खोडीबद्दल, चालू सीझनमध्ये काँट्रॅक्ट वाढवून देण्याच्या सवयीबद्दल आहे. २००७च्या सप्टेंबरात, सीझन नुकता सुरू झालेला असताना, तुमच्या डायरेक्टरांनी कॅलहनना काँट्रॅक्ट वाढवून दिलं. पुढच्या महिन्यात मिसूरीने ४१-६ हरवलं, ओक्लाहोमा स्टेटने आमच्याच घरी ४५-१४, आणि ऑक्टोबर अर्धा सरला नाही तोच डायरेक्टर स्वतः घरी गेले. नोव्हेंबरात कॅन्ससने ७६ गुण ठोकले. शहात्तर! कॅन्ससला आम्ही तोवर बास्केटबॉलचं गाव समजत होतो. कॅलहन ५-७ करून गेले आणि वाढवून दिलेल्या काँट्रॅक्टचे पैसे मोजावे लागले.

मग बो पेलिनी. सात पूर्ण सीझन, दर वर्षी नऊ नाहीतर दहा विजय. तोंडाने फाटका माणूस, प्रेक्षकांना शिव्या घातलेली त्याची टेप बाहेर आली तेव्हा माझीही तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मोठ्या मॅचमध्ये संघ कधी कधी असा कोसळायचा की बघवत नसे. २०१४ला विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने तीन क्वार्टरमध्ये आमच्याविरुद्ध ४०८ यार्ड काढले, चौथ्यात तो नुसता बाकावर बसून होता. तरीसुद्धा त्या वर्षीही नऊ विजय होतेच. आयोवाला हरवल्यानंतर दोन दिवसांत त्याला काढलं. नऊ विजय पुरेसे नाहीत, आम्हाला याहून मोठं काही हवंय, असा सूर होता. साहेब, त्यानंतर नऊ विजय आम्ही फक्त एकदा, २०१६ला, पाहिले.

माइक रायली सज्जन माणूस. १९-१९. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आणि २०१८ला फ्रॉस्ट आले. माझ्या अपार्टमेंटच्या टीव्हीतले फ्रॉस्ट, वुड रिव्हर गावचे, सेंट्रल फ्लोरिडाला एकही सामना न हरता वर्ष काढून आलेले. ती बातमी आली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. अमेरिकन सहकाऱ्यांना पेढा म्हणजे काय ते सांगावं लागलं, फ्रॉस्ट म्हणजे कोण ते नाही.

पहिले सहा सामने हरले. ठीक आहे, म्हटलं, संघ बांधतोय. ४-८. पुढच्या वर्षी घडी जरा बसतेय असं वाटतंय, तेवढ्यात १६ नोव्हेंबर २०१९ला काय केलंत? पुन्हा तेच. चालू सीझनमध्ये, त्या वेळी चारच विजय खात्यात असताना, दोन वर्षांची मुदतवाढ जाहीर केलीत. त्याच दिवशी विस्कॉन्सिनकडून ३७-२१ हरलो. सीझन ५-७वर संपला. सोलिचला नऊ विजयांवर घालवलं, आणि फ्रॉस्टला चार विजयांवर बक्षीस! का? तर तो घरचा. पण घरचा असणं आणि घरच्या तालमीत वस्ताद म्हणून तयार झालेला असणं यात फरक आहे. फ्रॉस्ट इथे खेळले, कोचिंगचं त्यांचं खरं शिक्षण ओरेगनात झालं. आम्ही सगळे त्यांच्या १९९७च्या फोटोच्या प्रेमात होतो, मीसुद्धा. फोटोला काँट्रॅक्ट देत नाहीत.

२०२१चा सीझन मला कधी विसरता येणार नाही. ३-९, आणि नऊपैकी एकाही पराभवात दहा गुणांचं अंतर नाही. वर्षभराचे गुण मोजले तर आम्ही प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त केलेले. असा संघ कमजोर नसतो, त्याला शेवटच्या पाच मिनिटांत कसं वागायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. मिशिगन स्टेटच्या गावात सात गुणांनी पुढे होतो, मॅच खिशात. पंट मारायचा होता, म्हणजे चेंडू लाथेने लांब धाडायचा. संघ एका बाजूला धावला, चेंडू दुसऱ्या बाजूला गेला. तिकडे त्यांचा जेडन रीड एकटाच उभा, बाजारात भाजी घ्यायला आल्यासारखा. त्याने तो घेतला आणि ६२ यार्ड पळत थेट टचडाऊन. ओव्हरटाइममध्ये हरलो. मी टीव्ही बंद केला नाही, रिमोट कुठे पडलाय तेच कळेना. दोन्ही बाजूंचे हजारो मैल प्रवास करून आलेले लोक २०२२च्या ऑगस्टमध्ये डब्लिनला जमले, तिथे नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांनी पुढे असताना आपण ऑनसाइड किकचा, म्हणजे मुद्दाम आखूड किक मारून चेंडू परत आपणच घेण्याचा, जुगार खेळलो. गरज कुणाला होती? चेंडू त्यांना मिळाला, लय त्यांना मिळाली, ३१-२८ हरलो.

दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने आमच्याच घरात ४५-४२. घरच्या मैदानावर ३५ किंवा त्याहून जास्त गुण केले की आम्ही कधीच हरलो नव्हतो, तो २१४ सामन्यांचा विक्रम त्या रात्री गेला. दुसऱ्या दिवशी रविवारी फ्रॉस्टना नारळ. देणं दीड कोटी डॉलर. १ ऑक्टोबरपर्यंत थांबला असतात तर ते निम्म्यावर आलं असतं. वीस दिवस! तीन वर्षं धरलेला चुकीचा धीर, आणि मग वीस दिवसांचाही धीर नाही. पंचाहत्तर लाख डॉलरमध्ये किती वॉक-ऑन पोरांची फी निघाली असती, हे गणित मी मुलीला करायला दिलं होतं. तिने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि म्हणाली, राहू दे बाबा.

आता सध्याचे कोच मॅट रूल. त्यांच्यावर माझा राग नाही. ५-७, मग ७-६ आणि आठ वर्षांनी बोल गेम, त्यातही बोस्टन कॉलेजवर विजय. आयोवाविरुद्ध २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं १३-१०, दोन्ही वेळा शेवटच्या किकवर हरलो. दुखलं, पण म्हटलं दगड हलतोय. २०२५ला ऑक्टोबरअखेर ६-२ होते. आणि तेव्हा, ३० ऑक्टोबरला, सीझनचे चार सामने बाकी असताना, तुम्ही तिसऱ्यांदा तीच सही केलीत. पेन स्टेटने त्यांचा कोच काढला होता, रूल तिथलेच विद्यार्थी, ते जातील अशी आवई होती. घाबरलात. २०३२पर्यंतची मुदतवाढ.

शाई वाळायच्या आत, दोनच दिवसांनी, यूएससीने २१-१७ हरवलं आणि क्वार्टरबॅक डिलन रायोलाचा पाय मोडला. यूसीएलएला कसंबसं हरवलं. मग पेन स्टेट ३७-१०, ज्यांच्या भीतीने सही केली तेच. मग आयोवा ४०-१६. मग वर्षाच्या शेवटच्या दिवशी लास वेगासमध्ये यूटा ४४-२२. सहीनंतरच्या पाच सामन्यांत एक विजय. रायोला ओरेगनला गेला, डिफेन्सचा प्रमुख एका सीझनवर काढला. रूलच्या चौथ्या वर्षाआधी डिफेन्सचा तिसरा प्रमुख आला. पोरांनी नेमकं कुणाचं ऐकायचं?

२००७, २०१९, २०२५. तिन्ही वेळा सीझन चालू असताना, तिन्ही वेळा त्यानंतर घसरगुंडी. मुदतवाढीमुळे संघ हरतो असं मी म्हणत नाही, एवढा अडाणी नाही. पण पीक शेतात उभं असताना व्यापाऱ्याला भाव बांधून देणारा शेतकरी घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाचा सौदा कुठे जातो, ते या राज्याला कुणी शिकवायची गरज नाही.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. या राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या निम्मीसुद्धा नाही. इथे पाच फूट अकरा इंच उंचीचे शेतकरीपुत्र भरपूर, पण झंझावातासारखे पळणारे गडी बाहेरून आणावे लागतात. स्कॉलरशिप ८५वर आल्या. २०११ला आपण बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेलो आणि टेक्ससची पोरं तुटली, ओक्लाहोमाशी दरवर्षीची मॅच त्याआधीच तुटली होती. आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना सहज कॉलेज बदलण्याची सोय, आता खेळाडूंना थेट पैसे, आता संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडूंची मर्यादा; म्हणजे वॉक-ऑनच्या मुळावर घाव, आणि तो तुम्ही घातलेला नाही. हे सगळं कबूल. पण मिसूरी नदीपलीकडचं आयोवा काय मोठं राज्य आहे का? तिथेही मकाच पिकतो. १९७९पासून त्यांचे कोच दोन. हेडन फ्राय, आणि १९९९पासून कर्क फेरेन्ट्झ, जे फ्रायच्याच हाताखाली शिकले. फेरेन्ट्झचं पहिलं वर्ष १-१०, दुसरं ३-९. त्यांनी थांबायचं ठरवलं. फेरेन्ट्झ एकटे बसलेत त्या काळात आपण सोलिच, कॅलहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट, रूल असे सहा बसवले, आणि सोलिचना काढलं तिथपासून मोजलं तर डायरेक्टरही सहाच.

आयोवाचं नाव काढलं की तुमच्याकडे नाकं मुरडतात, म्हणून घरातलंच उदाहरण देतो. तुमच्याच खात्यात, त्याच पैशांवर, त्याच गावात महिलांचा व्हॉलीबॉल संघ आहे. १९७७पासून टेरी पेटिट. मग त्यांचे सहायक राहिलेले जॉन कुक, ते २०२४च्या सीझनपर्यंत. मग कुकच्याच हाताखाली खेळलेली आणि शिकलेली डॅनी बुसबूम केली. जवळजवळ पन्नास वर्षांत तीन माणसं, पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं. ३० ऑगस्ट २०२३ला तुम्ही फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मधोमध व्हॉलीबॉलचं कोर्ट टाकलंत आणि ९२,००३ माणसं आली. मी होतो त्यात, मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी. त्या संध्याकाळी ती किंचाळली, रडली, घसा बसवून घेतला. तिला राग येतो, आनंद होतो, सगळं होतं, पण व्हॉलीबॉलसाठी. २०२५ला त्या पोरी ३३ सामने ओळीने जिंकून चौतिसावा टेक्सस ए अँड एमकडून हरल्या, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. आयोवाकडून ४०-१६ हरल्यावर मात्र तिला पार्किंगची काळजी होती.

मागणं तीनच गोष्टींचं आहे. एक, सीझन चालू असताना कुणाच्याही काँट्रॅक्टला हात लावायचा नाही, हा नियम रीजंट्सनी कागदावर करावा. बाहेर कुणाची कितीही आवई उठो, जानेवारीत बसून ठरवा. दोन, रूलना आता ठेवलंच आहे तर नीट ठेवा, पुढच्या आयोवा मॅचनंतर आमच्यासारखे टेबल आपटतील, आपटू द्या. पण त्यांच्या हाताखाली असा एक माणूस आतापासून तयार करा, की ते गेले तरी आखाडा मोडणार नाही. आणि तीन, १०५च्या मर्यादेत जेवढ्या जागा वॉक-ऑनना देता येतील तेवढ्या या राज्यातल्या पोरांना द्या, आणि दर वर्षी जाहीर सांगा किती दिल्या. स्कॉट्सब्लफपासून फॉल्स सिटीपर्यंतची गावं त्या आकड्याकडे तिकिटांच्या आकड्यापेक्षा जास्त बघतील.

तिकिटांचा आकडा म्हणजे ३ नोव्हेंबर १९६२पासूनचं सलग हाउसफुल्ल, आता चारशेच्या पुढे. मधल्या वाईट वर्षांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन तो टिकवला, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही, गरीब घरची पोरं त्यामुळे आत आली. पण सामन्याआधी पडद्यावर तो आकडा आणि १९९०च्या दशकातल्या धावा लावायचं जरा कमी करा. आमच्याकडे लग्नात जेवण बेताचं असलं की यजमान आजोबांच्या जहागिरीच्या गोष्टी सांगत फिरतो.

माझ्या तिकिटांच्या नूतनीकरणाचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. दोन जागा, अठ्ठावीस वर्षांतल्या चौथ्या रांगेबदलानंतरच्या. मुलीला विचारलं, तुझ्या जागेचं काय करू? म्हणाली, भर, पण आयोवाची मॅच यंदा त्यांच्या गावात आहे ना, बरं झालं.

आपला,
ईस्ट स्टेडियमच्या वरच्या रांगेतला एक कोल्हापूरकर

ता. क. : इंग्रजी प्रतीत 'खोड' या शब्दाला मी 'हॅबिट' लिहिलंय. तुमच्यापैकी कुणाला मराठी येणारा शेजारी असेल तर त्याच्याकडून नीट समजून घ्यावा.